फेंगड्या पायांचा हवालदार

"तुझ्या पैलवानाचं नाक परत गळालं," मनकर्णा म्हणाली. "आता त्यो पैलवान न्हाई ऱ्हायला. नुसता ओंडका हाय."

बन्सी गुडघ्यांवर बसून ओट्याखाली नाक शोधत होता. बाभळीच्या ढलपीचं, हरभऱ्याएवढं नाक. सापडलं ते नेमकं सोपानच्या टाचेखाली, आणि दोन तुकड्यांत.

"मी मुद्दाम न्हाई केलं," सोपान म्हणाला. शेजारच्या खोलीतला हा सोपान तिसरीत होता, आणि जे काही मोडायचं ते त्याच्याच पायाखाली येत असे.

दिवाळीची सुट्टी लागली होती. कोपरगावजवळच्या त्या साखर कारखान्याच्या कॉलनीत एरवी या दिवसांत किल्ले उभे राहायचे, पण या वर्षी किल्ल्यांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. वाचनालयाच्या माळ्यावर एका जुन्या साप्ताहिकाचे अंक सापडले होते, पोरांचे वडील चड्डीत होते तेव्हाचे. त्यांच्या शेवटच्या पानावर हास्यचित्रं असायची: पोट सुटलेला ढेबऱ्या हवालदार, फुंकर मारली तर उडेल असा काडीपैलवान आणि कुणालाही धडकणाऱ्या फटफटीवाल्या काकू. पोरांना ही मंडळी इतकी आवडली की ती लाकडी ठोकळ्यांतून त्यांच्या बाहुल्या करू लागली. नियम एकच. डोकं एक ठोकळा, धड आणि पाय मिळून एक ठोकळा. पुढे ज्याची त्याची अक्कल! कुणी हवालदाराच्या हातात दंडुक्याऐवजी ऊस दिला. बन्सीची आतेबहीण मनकर्णा कोल्हारहून मामाकडे सुट्टीला आली होती. तिनं काकूंची फटफटी काढून घेतली आणि त्यांना बैलगाडीवर बसवलं. धनत्रयोदशीला क्लबच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या संग्रहांचं प्रदर्शन भरणार होतं आणि चीफ इंजिनियरसाहेब पहिला नंबर काढणार होते.

पहिला नंबर कुणाचा, हे मात्र कॉलनीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. राधूचा!

राधाकृष्ण, म्हणजे राधू, आप्पासाहेबांचा मुलगा. आप्पासाहेब कारखान्याच्या स्टोअरचे मुख्य. पावसाळ्यात नगरहून आलेले. राधूचा संग्रह चक्क काचेच्या कपाटात होता. त्याच्या बाहुल्यांना ऑइलपेंट होता, बटणांच्या जागी खरी बटणं होती. आणि सगळ्यांच्या मधोमध उभा होता ढेबऱ्या हवालदार. दीड वीत उंच, गुळगुळीत, आणि पाय असे फेंगडे की दोन्ही पायांमध्ये चंद्राची कोर बसावी. ते पाय बघायला पोरं रांग लावायची.

बन्सीही जायचा. रोज जायचा. हवालदाराकडे बघितलं की त्याच्या पोटात आग पडायची, आणि न बघता राहवायचं नाही. राधूनं त्याचं काहीच वाकडं केलं नव्हतं, उलट दर वेळी हातावर शंकरपाळी ठेवायचा. त्याचाच बन्सीला जास्त राग यायचा.

एकदा तर बन्सीचे वडील छगन कामावरून येताना तिथं थांबले. छगन कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये सुतार होते. त्यांनी हवालदार हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, "वा! पाय काय बसवलेत. बन्सी, बघ, याला म्हंत्यात काम."

त्या दिवशी बन्सी जेवला नाही. पोट दुखतंय म्हणाला, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छगन घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानंच. त्यांनी टोपी खुंटीला न लावता खाटेवर टाकली.

"काय झालं दादा?" बन्सीनं विचारलं.

"उसाच्या कॅरिअरच्या बेरिंगचं झाकान फुटलं. एक बाजू तर उडूनच गेली. नवं वतायचं, तर त्याचा लाकडी पॅटर्न स्टोअरच्या मांडणीवर न्हाई."

मनकर्णाला पॅटर्न म्हणजे काय ते कळेना. छगननी समजावून सांगितलं. जे लोखंडात किंवा पितळेत ओतायचं, ते आधी हुबेहूब लाकडात घडवायचं. ते ओल्या वाळूत दाबून काढून घेतलं की वाळूत त्याच्या आकाराची पोकळी राहते, आणि तिच्यात वितळलेला धातू ओतायचा.

"मग दुसरा पॅटर्न घडवा की मामा."

"मापं कुठून आनू? झाकान अर्धंच राह्यलंय. आन् पाडव्याला मोळी पडायची." कॅरिअरवर, म्हणजे ऊस चरकात नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, पहिली मोळी टाकली की कारखान्याचा हंगाम सुरू होई. छगननी टोपी उचलून खुंटीला लावली. "आप्पासाहेब सगळ्यांदेखत म्हनले, छगननं सरपनाला नेला आसंल. चोर ठरवलं मला. पॅटर्न न्हाई घावला तर या हंगामाला कामावर घेनार न्हाईत."

बन्सीच्या आईनं चुलीतली लाकडं मागे ओढली, जणू कुणी मोजायला येणार होतं.

"दिसायला कसा हुता त्यो?" बन्सीनं हळूच विचारलं.

"चौकोनी. वीतभर. खाली शाफ्टाच्या दांड्यासाठी अर्धगोल."

बन्सी उठून उभा राहिला. चौकोनी, वीतभर आणि खाली अर्धगोल! गेले कित्येक दिवस तो तेच तर बघत होता. ती कोर करवतीनं कापता येत नाही हे त्याला कधीच कळलं होतं. त्यानं तीन ठोकळे फुकट घालवले होते तिच्यापायी.

त्यानं मनकर्णा आणि सोपानला अंगणात ओढत नेलं. "राधूचा हवालदार म्हंजेच दादांचा पॅटर्न हाय."

मनकर्णा त्याच्याकडे बघतच राहिली. "बन्सी, तू जळतूस त्याच्यावर."

"जळतो ना! म्हनून काय झालं?"

"म्हनून तुला तसं दिसतंय. मामांनी सोताच्या हातानं घडवलेला पॅटर्न त्यांना वळकू आला न्हाई, आन् तुला आला व्हय?"

बन्सीला स्वतःचाच संशय येऊ लागला. खरंच आपल्याला तसं हवंय म्हणून तर दिसत नाही ना? राधू चोर निघावा, सगळ्यांनी त्याला हसावं, असं त्यानं कितीदा मनात आणलं होतं.

"मग तपासून बघू," तो शेवटी म्हणाला. "माती खोटं बोलत न्हाई."

पाटाच्या कडेची चिकणमाती त्यानं बिस्किटाच्या डब्यात थापली आणि तिघं राधूच्या घरी निघाली. राधू दुकानात रंग आणायला गेलेला. मनकर्णा सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि राधूच्या आईला चकलीची भाजणी कशी करायची ते विचारू लागली. भाजणी तिला त्यांच्यापेक्षा चांगली येत होती. सोपान दारात पहाऱ्याला उभा राहिला. बन्सीनं कपाट उघडलं, हवालदार काढला आणि पाय मातीत दाबले.

"आला," सोपान म्हणाला. पण तो म्हणाला तेव्हा राधू त्याच्या मागेच उभा होता!

"माझ्या हवालदाराला चिखल!" राधूचा आवाज चिरकला. "बन्सी, तुला नाही जमत म्हणून माझा खराब करतोस?"

बन्सीचे कान तापले. मग मनात साचलेलं सगळं एकदमच बाहेर पडलं. "तुझा कसला? माझ्या दादांचा हाय त्यो. वर्कशॉपचा पॅटर्न हाय. तुज्यामुळं त्यांना चोर म्हनत्यात."

"खोटं."

"मग चल माझ्यासंगं. आत्ता."

"चल. खोटं निघालं तर माझ्या पाया पडायचं, सगळ्यांसमोर."

"पडंन."

वर्कशॉपमध्ये जेवणाची सुट्टी झाली होती. फुटकं झाकण दाराजवळच्या टेबलावर पडलेलं होतं, एकाच पायाचं, तेलकट. बन्सीनं ते दोन्ही हातांनी उचललं. त्यानं ते डब्यातल्या मातीच्या ठशावर ठेवलं. ते आत गेलं. कोरीला कोर लागली, काठाला काठ, आणि उरलेल्या जागेत फक्त हरवलेल्या पायाचा ठसा रिकामा राहिला.

मनकर्णानं वाकून बघितलं. "बन्सी, माझं चुकलं रे," ती म्हणाली.

राधूचा चेहरा पार उतरला होता. असा चेहरा बघायला बन्सी किती दिवस तडफडत होता! आता तो समोर होता, आणि त्याची चव काही म्हणावी तशी लागत नव्हती.

"मी चोरला नाही," राधू म्हणाला. "बाबांनीच दिला. मोळीच्या समारंभाच्या कपबशा ठेवायला त्यांनी स्टोअरची एक मांडणी रिकामी करून घेतली. म्हणाले, जुनं लाकूड आहे, खेळायला घे. आज रात्री मी त्यांना सांगतो."

रात्री त्यानं खरंच सांगायला सुरुवात केली, पण आप्पासाहेब समारंभाच्या खुर्च्यांच्या काळजीत होते. "बाबा, तो हवालदार..." म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "हो हो, फार सुरेख झालाय," आणि बाहेर पडले. सकाळीही तेच. राधू ओट्यावर येऊन बसला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. पॅटर्न नुसताच छगनना नेऊन द्यावा, तर चोरलेला परत केला असंच लोक म्हणाले असते.

"मोठ्या मानसांना सांगितल्यालं ऐकू येत न्हाई," मनकर्णा म्हणाली. "त्यांना सोताचं बोलनंच ऐकू येतं. मग त्यांनाच बोलू द्या ना." आणि तिनं बेत सांगितला.

राधूनं बराच वेळ नखं कुरतडली. मग म्हणाला, "चालेल. पण माझ्या बाबांना कुणी हसायचं नाही."

"कुनी हसलं तर मी बघतो," बन्सी म्हणाला. आपण असं का म्हणालो ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी क्लबचा हॉल भरून गेला. चीफ इंजिनियरसाहेब टेबलाटेबलापुढे थांबत होते, आप्पासाहेब त्यांच्या शेजारी. दाराशी कामगार उभे होते, आणि सगळ्यांत मागे छगन. त्यांना यायचंच नव्हतं, मनकर्णानं हाताला धरून आणलं होतं.

हवालदारापुढे साहेब थांबले. "वा! हा तर अगदी त्या चित्रातला. मी लहानपणी वाचायचो."

मनकर्णा पुढे सरकली. गोड आवाजात म्हणाली, "काका, एवढं भारी लाकूड राधूला कुठं घावलं हो? आमाला तर बाभळीच्या ढलप्याच मिळत्यात."

आप्पासाहेबांची छाती फुगली. "अगं, मीच दिलं. अस्सल जुनं सागवान. स्टोअरच्या मांडणीवर नुसतं धूळ खात पडलं होतं."

"कुठल्या मांडणीवर?" साहेबांनी विचारलं.

"ती आपली खिडकीजवळची. कपबशांसाठी रिकामी..." आप्पासाहेब बोलता बोलता थांबले.

साहेबांनी हवालदार उचलून उलटा केला. अर्धगोल दिसला. मग राधू पुढे आला. त्यानं हवालदाराचं चौकोनी डोकं धडावरून उपटलं, पोटावरचा पट्टा सोलून काढला, सरसानं चिकटवलेले हात मोडून घेतले. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. शेवटी हातात उरला तो नुसता पॅटर्न, आणि तो त्यानं छगनच्या हातात नेऊन दिला.

"काका, हा तुमचा," तो म्हणाला.

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. बन्सीनं तिकडे असं काही बघितलं की ते हसू तिथंच विरलं.

आप्पासाहेबांच्या कपाळावर घाम आला होता. पण माणूस वाईट नव्हता, नुसता घाईत असायचा. ते हॉल ओलांडून छगनपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "छगनराव, चूक माझी आणि आळ तुमच्यावर घातला. मला माफ करा." आजवर त्यांनी छगनना कधी 'राव' म्हटलं नव्हतं.

"हा ओळखला कुणी?" साहेबांनी विचारलं. "मीसुद्धा आत्ता समोर उभा राहून पाहिला, मला काही कळलं नाही."

"बन्सीनं," राधू म्हणाला.

साहेबांनी बन्सीच्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास! मशिनच्या माणसाला असेच डोळे लागतात." टाळ्या झाल्या. पहिला नंबर मात्र बैलगाडीवरच्या काकूंना गेला, आणि मनकर्णा हार घालून मिरवू लागली तसं बन्सीच्या पोटात पुन्हा थोडं दुखलं.

नवं झाकण वेळेवर ओतून झालं. पाडव्याला मोळी पडली, कॅरिअर सरकू लागला आणि उसाचा पहिला कडाका ऐकू आला. लोक छगनची पाठ थोपटत होते. घरी जाताना ते बन्सीला म्हणाले, "मी त्यो हवालदार हातात घेतला हुता. माझंच काम, पर मला न्हाई वळकू आलं. तुला कसं रं कळलं?"

बन्सीनं वाटेतलं उसाचं चिपाड पायानं उडवलं. "मला त्यो पायजे हुता, दादा," तो म्हणाला. "राधूकडं हाय आन् माझ्याकडं न्हाई, म्हनून मी रोज बघायचो. लई जळायचो."

छगननी त्याच्याकडे बघितलं. रागावतील असं बन्सीला वाटलं, पण ते हसू लागले. "म्हंजी तुज्या जळन्यानं माझी नोकरी वाचली म्हनायची. शाबास पोरा. पर आता इझव ती आग."

विझव म्हटल्यानं ती विझते थोडीच. बन्सीनं घरी जाऊन प्रयत्न केला. राधूनं आपला हवालदार सगळ्यांदेखत मोडला, हे आठवलं की त्याला राधूच्या शूरपणाचाही हेवा वाटू लागला.

संध्याकाळी राधू स्वतःच आला. पाठीमागे काहीतरी लपवलेलं होतं. "नवा केलाय," तो लाजत म्हणाला. "बाभळीचा. सगळा मी एकट्यानं."

बन्सीनं तो हातात घेतला. एक पाय लांब, एक आखूड, कोरीच्या जागी उंदरानं कुरतडल्यासारखं भगदाड, आणि डोकं एका बाजूला कललेलं. उभा केला तर आडवा पडला. बन्सीच्या पैलवानापेक्षाही हा वाईट झाला होता, कितीतरी वाईट.

बन्सीनं तो उचलून पुन्हा उभा केला, पडू नये म्हणून बोटानं धरून ठेवला, आणि राधू त्याला आज पहिल्यांदाच मनापासून आवडला.