विकत घेतलेली अंगाई

रेवा बाहुलीला निजवत होती. मांडीवर घेऊन, गुडघा हलवत, अगदी तिची आई मैथिली तिला निजवायची तसं. ओठ मोठ्या मायेने उघडत होते, मिटत होते. आवाज मात्र नव्हता. एरवी बडबडून घर डोक्यावर घेणारी ही पोर गाणं मुक्यानेच म्हणत होती.

"ऐकू येईल असं म्हण ना," मैथिली दारातून म्हणाली. रेवाने तिला वेड्यात काढलं. "तू म्हणतेस तस्संच म्हणतेय."

मैथिलीने तिला उचललं आणि तडक उपचारकेंद्र गाठलं.

रेवा जन्मतः बहिरी. पण या काळात त्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे. कानामागच्या हाडात तांदळाएवढी 'श्रवणकळी' बसवली की ती बाहेरचा आवाज टिपे, त्याचे विजेचे बारीक ठोके करी आणि श्रवणाच्या नसेला देई. म्हणजे रेवाच्या आत जाणारा प्रत्येक आवाज आधी कळीच्या हाताखालून जाई. कळी 'स्वनिका' कंपनीची होती, अस्सल, सगळ्या परवानग्यांसकट घेतलेली. उपचारकेंद्रात भेटणाऱ्या रुबिनाने मुलाच्या कळीत बाजारातली फुकटची 'मोकळी' प्रणाली घातली, तेव्हा मैथिलीने तिला सुनावलंही होतं, की चोरीचा माल लेकराच्या डोक्यात घालायला जीव कसा धजतो तुझा? रुबिना हसली होती. "तू पावत्या जप बाई. आम्ही ऐकतो."

केंद्रातल्या फडतरे इंजिनिअरांनी रेवाची कळी पडद्याला जोडली आणि मैथिलीला तीच अंगाई म्हणायला सांगितली.

दोडक्याच्या फुलात भुंगा निजला,
रेवाबाईचा डोळा मिटला...

पडद्यावर तिच्या आवाजाच्या लाटा उठल्या. पहिली ओळ संपायच्या आत त्या आडव्या झाल्या, सपाट रेघेसारख्या. ती गात राहिली, रेघ हलली नाही.

"बिघडलीय का?"

"नाही ताई. चोख चाललीय."

त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येक चालीला एक आकार असतो. कुणीही गावं, कुठल्याही पट्टीत गावं, सुरांचा चढउतार तोच राहतो. कळी तो आकार नोंदलेल्या गाण्यांशी ताडून बघते. जुळला आणि ऐकणाऱ्याकडे परवाना नसला, तर तेवढा आवाज गाळून टाकते. याला सूरकुलूप म्हणायचं. गाण्यांची चोरी थांबावी म्हणून ते बसवलेलं.

"पण हे गाणं माझं आहे. ऑपरेशनच्या आधी दवाखान्याच्या बाकावर बसून रचलंय मी."

"आणि कळी जुळवताना इथेच म्हणून दाखवलंत. नमुन्याला आईचाच आवाज लागतो. संमतीवर बोट टेकवलंत तेव्हा नमुना कंपनीच्या संग्रहात गेला." फडतरे तिच्याकडे बघायचं टाळत होते. "बाजारात चांगली चालते तुमची अंगाई."

"म्हणजे रुबिनाच्या मुलाला ऐकू जाईल?"

"जाईल की. मोकळ्या कळीला कुलूपच नसतं. ते फक्त विकत घेणाऱ्याच्या दाराला." मग आवाज उतरवून म्हणाले, "मी हे बोललो नाही."

रस्ते दोनच होते. कंपनीने साफसूफ केलेल्या त्याच अंगाईचा परवाना घ्यायचा. एक बोट दाबलं की ती थेट कळीत वाजते. पण परवाना तेवढ्या ध्वनिमुद्रणाचा, आईने तोंडाने गाण्याचा नव्हे. नाहीतर कुलूप फोडायचं. मग कंपनी कळीला पुन्हा हात लावणार नाही आणि कंपनीचं ध्वनिमुद्रणही तीत वाजणार नाही.

स्वतःचंच गाणं विकत घ्यायला मैथिलीचं मन घेईना, आणि फोडायला हात धजेना. उद्या रेवाला बोलणंच अस्पष्ट ऐकू यायला लागलं तर? तिने नवऱ्याला, ओजसला, सगळं सांगितलं. तो "बघू" म्हणाला. ती आपली वाचत राहिली, चौकशा करत राहिली, रेवा झोपेत कुशीवर वळली तरी दचकत राहिली. मुलगी हल्ली लवकर झोपते, एवढंच तिच्या ध्यानात आलं होतं.

एका दुपारी रेवाने बापाचा फोन ओढून घेतला, सराईतपणे बोट दाबलं आणि डोळे मिटून हसत पडून राहिली. खोलीत कसलाच आवाज नव्हता.

"कधीपासून, ओजस?"

"तू सांगितलंस त्याच संध्याकाळी परवाना घेतला." तो ओशाळला, मग वैतागला. "अगं, तुझाच तर आवाज आहे. 'आईचं गाणं लावू?' म्हणूनच लावतो मी. पोर सुखाने झोपतेय. तू सोडून सगळ्यांचं सोपं झालंय."

कंपनीने फसवलं ते परक्याने फसवणं होतं. हा तर रोज रात्री तिच्या काळजीला हुंकार भरत होता.

दुसऱ्या दिवशी ती रेवाला घेऊन रुबिनाकडे गेली. "पावत्या आणल्यास का?" रुबिनाने विचारलं, मग तिचा चेहरा बघून रेवाला जवळ घेतलं. फोन कळीजवळ धरला. चहा निवायच्या आत कुलूप गेलं. ज्याला मैथिली एवढी भ्याली होती, ते एवढंसं होतं. रेवाला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

घरी येऊन मैथिलीने तिला मांडीवर घेतलं आणि गायला लागली. श्वास मध्येच तुटत होता, एक सूर हलला. रेवाने डोळे उघडले. तिने दोन्ही ओळी लक्ष देऊन ऐकल्या. मग चिमुकला तळवा मैथिलीच्या तोंडावर ठेवला, अगदी हलकेच.

"तू नको गं," ती समजुतीने म्हणाली. "आईचं लाव."