चिमणीमागची होडी

मोठे ट्रकवाले ज्या कामाला नाक मुरडतात, ते काम फिरत फिरत वहिनींकडे येतं. अरुंद गल्लीतलं लोखंडी कपाट असो, पिठाच्या गिरणीचं दगडी जातं असो, की खड्ड्यात रुतलेली कुणाची मोटार असो, वहिनींची छोटी पिकअप नाक पुढे करून घुसते आणि ओढून काढते. गाडी एवढीशी, म्हणून तिचं नाव चिमणी. शेजारच्या सीटवर बारा महिने बसलेल्या असतात त्यांच्या नणंदबाई. वहिनी लग्न झाल्यापासून त्यांना वन्सं म्हणतात, त्यामुळे आता सगळं गावच त्यांना वन्सं म्हणतं. चिमणी मागे घेताना "येऊ द्या, येऊ द्या... बास!" असं ओरडायचं काम त्यांचं. आवाज असा, की दोन गल्ल्या पलीकडचा माणूसही बिचारा जागच्या जागी थांबतो.

त्या दिवशी दुपारी दोघी नदीवर गेल्या होत्या. एक होडी न्यायची होती.

होडी म्हाताऱ्या नावाड्याची. पूल झाला तेव्हापासून, म्हणजे वीसेक वर्षं, ती धक्क्यावर उपडी पडलेली. आता नावाड्याची लेक त्याला डोंगरापलीकडे, तलावाकाठच्या आपल्या घरी नेत होती. सामान गेलं, कोंबड्या गेल्या, पण म्हातारा हटून बसला. होडी येईल तर मी येईन, नाहीतर मला इथेच राहू द्या. लेक तीनदा येऊन रडून परत गेली. शेवटी तिनं वहिनींना फोन केला.

आजूबाजूच्या आठ-दहा माणसांनी हात लावला आणि होडी चिमणीमागच्या ट्रेलरवर चढली. ट्रेलर ओढण्यात सगळा खेळ वजनाचा. भार थोडा पुढे असावा लागतो. मागे गेला, की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि मग पुढची गाडी त्याच्या मर्जीनं चालते. वहिनींनी दोनदा दोर सोडून होडी वीतभर पुढे सरकवली. तिसऱ्यांदा गाठी मारल्या, हुकाची साखळी ओढून बघितली, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

"बाबा, चला," त्यांनी हाक मारली.

म्हातारा पाण्याशी उभा होता. दोन्ही हात तोंडाशी धरून तो पलीकडच्या काठाकडे तोंड करून ओरडला, "चला रे! शेवटची फेरी!"

पलीकडे काळं कुत्रंही नव्हतं. नदीचा निरोप घेतोय बिचारा, असं वहिनींना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले. वन्सं मात्र हसत म्हणाल्या, "बाबा, या आधी. तुम्ही मधे बसा. दोन बायकांच्या मधे बसायचं भाग्य रोज मिळत नाही."

म्हातारा खुदकन हसला आणि लहान पोरासारखा चढून बसला.

घाटरस्त्याच्या पायथ्याशी वजनकाटा आहे. ओढून नेणाऱ्या प्रत्येक गाडीला तिथून वजनाची चिठ्ठी घ्यावी लागते. वहिनींनी चिमणी पुढे घेतली आणि फक्त ट्रेलर काट्याच्या पत्र्यावर राहील अशी उभी केली. काटेवाला खिडकीतून म्हणाला, "अकराशे चाळीस. जा."

त्यानं चिठ्ठी दिली. वहिनी गिअर टाकणार, तेवढ्यात खिडकीवरचे लाल आकडे हलले.

बाराशे.

"ओ, वहिनी, कोण चढलं मागे?" काटेवाल्यानं विचारलं.

वहिनींनी आरशात बघितलं. ट्रेलरवर होडी आणि तिच्यावर ताणलेली निळी ताडपत्री. बाकी कुणी नाही.

बाराशे पंचावन्न. तेराशे तीस. प्रत्येक आकड्याला ट्रेलरच्या पाट्यांमधून हलकासा आवाज येई. कुर्रर... थोडा वेळ शांतता... पुन्हा कुर्रर. मग आकडा अगदी थोडा सरकला. तेराशे एक्केचाळीस.

"कडेवरचं लेकरू," म्हातारा स्वतःशीच पुटपुटला. "सांभाळून गं... हात दे त्याला."

वहिनींच्या मानेवर काटा आला. काटेवाला यंत्रावर थापा मारत होता. चौदाशे वीस. चौदाशे ऐंशी. आणि मग आकडे थांबले.

"बिघडलंय हे," काटेवाला म्हणाला, पण त्यानं खिडकी लावून घेतली.

वन्सं खाली उतरल्या, ताडपत्रीचं टोक उचलून आत वाकून बघून आल्या. "काही नाही हो. रिकामी आहे," त्या म्हणाल्या. मग बोटं हुंगत, "ओली आहे पण. वीस वर्षं उन्हात पडलेली होडी ओली कशी?" त्यांच्या बोटांना नदीच्या गाळाचा वास येत होता. थंड, शेवाळी वास. पुढचा सगळा रस्ता तो वास गाडीत राहिला.

चिमणीला पंधराशे किलोपर्यंत ओढता येतं. चिठ्ठीवर अकराशे चाळीस होते. वहिनींनी चिठ्ठीवर विश्वास ठेवायचं ठरवलं. दुसरं करणार तरी काय?

पहिली तीन वळणं चिमणी हसतखेळत चढली. चौथ्या वळणापासून धुकं लागलं. भर दुपारी दिवे लावावे लागले. इंजिन तापून काटा वर सरकायला लागला, क्लचचा करपट वास सुटला. सहाव्या वळणावर, जिथे रस्ता भिंतीसारखा उभा राहतो, तिथे चिमणी धापा टाकत थांबली. वहिनींनी ब्रेक दाबून धरला, हातब्रेक ओढला. तरी गाडी मागे सरकली. बोटभर. मग हातभर. डाव्या अंगाला कठडा, आणि कठड्यापलीकडे नुसतं पांढरं धुकं.

"वन्सं, दगड! चाकामागे दगड लावा!"

वन्संनी दार उघडलं. पण त्यांचा पाय जमिनीला लागायच्या आत म्हाताऱ्यानं त्यांच्या अंगावरून वाकून खिडकीबाहेर डोकं काढलं आणि खणखणीत आवाजात ओरडला, "अरे, बसलाय काय सगळे? उतरा की! चढावर उतरायचं असतं, विसरलात? हात लावा, चला!"

ट्रेलर हलला. एकदा, दोनदा, तीनदा... पाण्यात पाय पडावेत तसा चपचप आवाज रस्त्यावर झाला. मग मागून कुणीतरी हसलं. एका बाईचं हसणं, त्यात मिसळलेलं दुसरं, आणि एका बारीक पोराची किंकाळी, आनंदाची, झोका उंच गेल्यावर मारतात तशी.

"आता सोड ब्रेक, पोरी," म्हातारा म्हणाला.

वहिनींनी डोळे मिटले आणि ब्रेक सोडला.

चिमणी पुढे गेली. चढली म्हणणं कमीच होईल. लग्नात नवरदेवाला खांद्यावर घेऊन पळवतात, तशी तिला कुणीतरी पळवत होतं. इंजिनाला कामच उरलं नाही. वहिनींनी आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण न बघता गाडी चालवायची कशी? त्यांनी बघितलं. धुक्यात ताडपत्रीची निळी कड दिसली आणि होडीच्या कडेवर टेकलेले हात... अनेक. मनगटापलीकडे धुकंच होतं.

"वहिनी, तुम्ही ऐकताय ना?" वन्संनी हळूच विचारलं. त्यांचा चेहरा फुलला होता. "गातायत हो ते."

माथ्यावर धुकं विरळ होतं. वहिनींनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद करून त्या म्हाताऱ्याकडे वळल्या. "बाबा," त्या म्हणाल्या, "खरं सांगा. कोण आहेत हे?"

म्हातारा थोडा ओशाळला. "ओळखीचेच आहेत गं. पूल झाला तशी माणसं पुलावरून जायला लागली. पण काहींना पूल दिसतच नसे. संध्याकाळी पलीकडच्या धक्क्यावर येऊन बसायचे, हाका मारायचे. मला ऐकू यायच्या. होडीला तर कुलूप घातलेलं. मी नुसता ऐकत बसायचो... वीस वर्षं."

"म्हणजे ते... जिवंत..."

"ते मी कुणाला विचारलं नाही. नावाड्यानं विचारू नये." त्यानं नाक पुसलं. "मी निघून गेलो असतो, तर त्यांनी हाका कुणाला मारायच्या? म्हणून लेकीला म्हटलं, होडीशिवाय येणार नाही. जरा गंमत होईल त्यांची. बघ ना, किती खूश आहेत."

मागे ट्रेलरच्या स्प्रिंगा एकेक करून दबत होत्या. मंडळी पुन्हा बसत होती.

उतारावर खरी परीक्षा झाली. दुसऱ्या वळणानंतर ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावायला लागला. भार मागे गेला होता. स्टेअरिंग वहिनींच्या हातात नुसतं फिरत होतं आणि चिमणीचं शेपूट तिला दरीकडे खेचत होतं. अशा वेळी जोरात ब्रेक मारला की संपलं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गिअर खाली घेतला, दात आवळले. "बाबा... सांगा ना त्यांना..."

पण म्हाताऱ्याच्या आधी वन्सं ओरडल्या. अर्ध्या खिडकीबाहेर जाऊन, सगळा जन्म गाडी मागे घेण्यात कमावलेल्या त्या आवाजात. "ए, खाली बसा! पुढे सरका! देखावा काय बघताय उभं राहून? पुढे... आणखी पुढे... बास!"

ट्रेलर सरळ झाला. मागे एकदम चिडीचूप. शाळेत बाई वर्गात आल्यावर होतं तसं. मग एक दबलेली खिकखिक, आणि तिच्या पाठोपाठ सगळ्यांचं हसू फुटलं. म्हातारा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. वन्सं हसल्या. आणि खरं सांगायचं तर वहिनींनाही हसू आवरलं नाही, जरी त्यांची पाठ घामानं भिजली होती आणि गाळाचा वास आता घशाशी आला होता. खालची सगळी वळणं वन्संनी मागच्या गाण्याला टाळ्यांनी साथ दिली. शब्द कळत नव्हते, पण ठेका असा होता की बोटं आपोआप हलत.

तलावावर पोचेपर्यंत ऊन कललं होतं. लेक धावत आली आणि बापाच्या गळ्यातच पडली. ट्रेलर उलटा पाण्यापर्यंत नेला, वन्संचं "येऊ द्या, येऊ द्या" झालं, आणि होडी सळसळत पाण्यात उतरली. रिकामी होडी बदकासारखी वर तरंगते. हिची कड पाण्यावर जेमतेम चार बोटं उरली, इतकी ती खाली बसली. लेक म्हणाली, "अगंबाई, गळतेय का?"

"नाही गं," म्हातारा वल्हं उचलत म्हणाला. "भरलीय."

तो एकटाच गेला. मावळत्या उन्हात होडी लहान लहान होत पलीकडे गेली, पाण्यावरून गाणं बराच वेळ येत राहिलं, आणि मग थांबलं. अर्ध्या तासानं तो परतला तेव्हा होडी पाण्यावर नाचत होती आणि म्हातारा वीस वर्षांनी तरुण दिसत होता. लेकीनं सगळ्यांना गरमगरम जेवायला वाढलं. वहिनींना इतकी भूक कधी लागली नव्हती. परतताना चिमणी रिकाम्या ट्रेलरसकट पाखरासारखी उडत घाट चढली आणि दोघी वाटभर हसत होत्या. सुखरूप पोचल्याचं हसू होतं ते. निदान वहिनींचं तरी.

आठवड्यानं, सकाळी, वहिनी चिमणीचं ऑइल बदलत असताना लेकीचा फोन आला. हात काळे होते, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. वन्सं ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"बाबा अगदी मजेत आहेत हो," लेक सांगत होती. तिच्या आवाजातच आनंद मावत नव्हता. "रोज संध्याकाळी नवी मंडळी काठावर येते, बाबा फेरी मारतात. भरलेली नेतात, रिकामी आणतात. आता मलाही ऐकू येतात ते. पहिल्यांदा घाबरले, पण छान माणसं आहेत."

"पलीकडे कुठे सोडतात त्यांना?" वहिनींनी विचारलं. "गाव आहे का तिकडे?"

"छे हो. तिकडे सरळ कडा आहे, पाण्यातून वर उभा. पाय ठेवायला जागा नाही. नव्हती, म्हणजे. परवापासून तिथे पायऱ्या दिसतायत. पाण्यातून वर जाणाऱ्या. परवा सात होत्या, काल बारा. आज सकाळी मोजल्या तर एकोणीस. बाबा म्हणतात, अगदी माथ्यापर्यंत झाल्या की आपण सगळेच एकदा वर जाऊन बघू. होडीत जागा आहे म्हणे. तुम्ही दोघी याल ना?"

वहिनींच्या हातातला पाना खाली पडला. तोंड उघडलं, तर घशात तोच थंड, शेवाळी वास.

मागून वन्संचा आवाज आला, खणखणीत, आनंदानं ओसंडणारा. "येणार तर! न येऊन सांगतोय कुणाला?"

वहिनींनी वळून बघितलं. शेंगांची टोपली उलटून पडली होती. वन्सं तेच गाणं गुणगुणत होत्या, या वेळी शब्दांसकट. आणि घाईघाईनं चपला शोधत होत्या.