दिवे चालू होते का?

हसा, पोरांनो. भर दुपारी दिवे लावून मायक्रोबस चालवणारा या गिर्गा शहरात मी एकटाच. पुढची खेप पहाटेची आहे, तर बसा, चहा घ्या. आधी या शालीची गाठ सोडतो. ही घडी केली, ही गाडीतल्या माझ्या सीटवर ठेवली. हमदी, बघून ठेव. आता आपल्यातल्याच बखीत ड्रायव्हरची गोष्ट ऐका.

गेल्या जानेवारीतला गुरुवार. रात्रीचे अकरा चाळीस. बखीत आपल्या सहा वर्षांच्या पोरीला, नवालला, आजीकडून घरी आणायला गेला होता. एवढंच काम. पोर मागच्या सीटवर आडवी झाली. नाईलच्या कालव्याकाठचा रस्ता, दोन्हीकडे ऊस. आणि बखीतने दिवे बंद केले.

का, ते तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीही तेच करता. समोरून कोणी आलं की दिवा मारायचा, गेलं की बंद. बॅटरी वाचते, समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. मी कधी टोकलं तर बखीत म्हणायचा, "काका, घटका भरली असली तर दिव्याने टळते होय? भीती वाटत असेल तर उतरा आणि चालत या!" सगळे हसायचे. मीही हसायचो.

त्याआधी दोन वर्षं, त्याच रस्त्यावरच्या वळणावर, तसेच दिवे बंद ठेवून त्याने सायकलवरच्या साबिरला उडवलं. ऊसतोड करून घरी चालला होता बिचारा. त्याची बायको शफीका पोलीस चौकीत आली. रडली नाही. एकच विचारलं, "दिवे चालू होते का?"

"चालू होते, वहिनी," बखीत म्हणाला. "त्याचं आयुष्यच तेवढं लिहिलेलं."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री मी बखीतच्या शेजारीच बसलेलो होतो.

"चालू होते," मी म्हणालो.

थू माझ्या तोंडावर.

तर तो गुरुवार. पुढचं नवालने सांगितलेलं आहे. वळण आलं तशी समोर दिव्याची उघडझाप झाली. दोनदा. बखीतने दिवे लावले. रस्ता मोकळा. बंद केले. पुन्हा उघडझाप. लावले. कुणी नाही... त्याने शिवी हासडली आणि दिवे बंदच ठेवले.

"बाबा..."

"झोप गं."

"बाबा, हे काका विचारतायत..."

"कोण काका?"

"माझ्याजवळ बसलेत ते. म्हणतायत, दिवे चालू आहेत का?"

बखीतने मान वळवली नाही. मग सवयीने म्हणा, भीतीने म्हणा...

"चालू आहेत," तो म्हणाला.

समोर उसाची ट्रॉली उभी होती. तिलाही दिवे नव्हते.

मी पोचलो तेव्हा बखीत... जाऊ दे. गाडीचा पुढचा भाग उरलाच नव्हता. नवालला साधं खरचटलंही नव्हतं. मागच्या सीटचे पट्टे बखीतने स्वतः कापून टाकलेले, तुम्ही कापता तसेच. पण पोर सीटला घट्ट बांधलेली होती. एका राखाडी शालीने. उसाच्या मोळीला मारतात, ती गाठ.

शाल मी शफीकाकडे नेली. काठाला तिनेच घातलेले हिरवे टाके होते. साबिर गेला त्या रात्री ही त्याच्या अंगावर होती, नंतर कुणालाच सापडली नव्हती. तिने हात लावला नाही. म्हणाली, "वहबाकाका, आता तरी सांगा. दिवे चालू होते का?"

बखीत मेलेला. मला कोण काय करणार होतं? तरी जीभ उचलली नाही. लाज वाटली, पोरांनो, आणि लाजेपायी पुन्हा एकदा खोटा ठरलो. मान खाली घातली, शाल उचलली आणि निघून आलो.

तेव्हापासून रोज रात्री गाठ सोडतो. आजही सोडली, तुमच्या डोळ्यांदेखत. इथून कुणी उठलेलं नाही...

हमदी, जा. माझ्या सीटवर हात घाल.

...गाठ पुन्हा मारलेली आहे ना?