लोणारी आजोबांची टिकटिकणारी पेटी

शेजारी राहायला आलेले लोणारी आजोबा यामिनीला पहिल्यापासूनच खटकत होते. बोलायचे मोजकंच, आणि दाराबाहेरच्या पत्र्याच्या पेटीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यात आज यामिनीच्या घरची किरण मोजणारी रोबो, भिंगरी, त्या पेटीजवळ जोरजोरात टिकटिकू लागली.

“इथे किरणोत्सार (अस्थिर अणू मोडताना बाहेर पडणारे किरण) आहे,” ती म्हणाली.

यामिनीनं धावत जाऊन सोसायटीच्या अध्यक्षांना, निंबकरकाकांना सांगितलं.

“आजच घर रिकामं करायला लावतो!” काका गरजले.

यामिनी घरी आली, पण भिंगरीची संथ टिकटिक चालूच.

“अगं, आता कशाला?”

“माती, विटा, आकाश, सगळीकडून थोडे किरण येतातच. ही पार्श्वपातळी (नेहमीची पातळी). आधी ती मोजायची, मग तुलना करायची.”

स्वयंपाकघरात ग्रॅनाइटच्या ओट्यापाशी टिकटिक वाढली. बाबांच्या रक्तदाबासाठी आणलेल्या कमी सोडियमच्या मिठापाशी तर आणखीच! यामिनी बरणीपासून दचकून मागे सरली. म्हणजे आपलंच घर धोक्याचं?

“घाबरू नकोस. या मिठात पोटॅशियम असतं. त्याचे काही मोजके अणू अस्थिर असतात. किरण आहेत का, एवढंच विचारून चालत नाही. किती आहेत, ते विचारायचं.”

बाहेर आरडाओरडा ऐकू आला. यामिनी भिंगरीला घेऊन धावली. काका आजोबांवर ओरडत होते, आणि आजोबा पेटी उघडत होते. आत वरातीत मिरवायच्या गॅसबत्त्यांच्या, वातीच्या जागी लावायच्या जुन्या जाळ्या होत्या, पाकिटांत जपून ठेवलेल्या.

“गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचा माझा धंदा होता, पोरी. एकदा पेटवलेल्या या जाळ्यांचा हात लावताच भुगा होतो, म्हणून कुणाला हात लावू देत नाही.”

“जुन्या जाळ्यांत थोरियम (किरणोत्सारी धातू) असायचं,” भिंगरी म्हणाली. “पेटीजवळ किरण जास्त आहेत, दोन पावलांवर पार्श्वपातळीइतकेच. फक्त भुगा श्वासातून आत जायला नको.”

यामिनीची मान खाली गेली. “आजोबा, मी न मोजताच बोंब मारली. चुकलं माझं.”

“आता मोजलंस ना?” आजोबा हसले. “मग झालं.”

“पोटॅशियम माणसाच्या शरीरातही असतं,” भिंगरीनं सांगितलं. “तुम्ही सगळी माणसं किंचित किरणोत्सारी आहात.”

निंबकरकाकांनी स्वतःच्याच हातांकडे संशयानं पाहिलं.

“काका, उद्या तुमच्या घरापासून सुरुवात करू,” यामिनी म्हणाली. “मग अख्खी इमारत मोजू. आजोबा, तुम्हीपण चला!”