राखलेलं पील

क्लासचं शटर मी अर्ध्यावर ओढलं होतं, तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. भिजलेला शर्ट, हातात मोबाइल, आणि नमस्कार वगैरे काही नाही... सरळ प्रश्न.

“मॅडम, रॅम्पंट म्हणजे काय?”

पिंप्राळ्यात मी मुलींना इंग्रजी शिकवते. लोक फी विचारतात, वेळ विचारतात. विशेषणाचा अर्थ विचारायला पावसात भिजत कुणी येत नाही. मी शटर परत वर केलं.

त्याचं नाव अमृत. पहूरला केळीची बाग. दुबईच्या एका व्यापाऱ्याला त्याने स्वतःच इंग्रजीत कळवलं होतं, की आमच्या बागेची वाढ रॅम्पंट आहे. ‘जोमदार’साठी मोबाइलवर शब्द शोधले आणि त्यातला सगळ्यात रुबाबदार उचलला. व्यापाऱ्याने उलट विचारलं, रोग कोणता पडलाय?

मला हसू आवरेना. तो मात्र गंभीर होता, म्हणून मीही तोंड सरळ केलं. सांगितलं, शब्द वाढीचाच आहे, पण हाताबाहेर गेलेल्या वाढीचा. बांधावरचं गाजरगवत रॅम्पंट, तापाची साथ रॅम्पंट, लाचखोरी रॅम्पंट. आपल्याकडे नाही का, गवत माजतं, अफवा बोकाळतात, पण पीक तरारतं. तुमच्या बागेला लक्झुरियंट म्हणा, थ्रायव्हिंग म्हणा.

“म्हणजे मी माझ्याच बागेला माजलेली म्हटलं.”

“अगदी तसंच.”

“बरं झालं, तुम्ही शटर पूर्ण ओढलं नव्हतं,” तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या आठवड्यात तो संध्याकाळच्या वर्गात दाखल झाला. सगळ्या मुलीच, म्हणून मी त्याला दाराजवळचा बाक दिला. नव्या शब्दाचं एक वाक्य रोज करून आणायचं, हा माझा नियम. हा पठ्ठ्या मात्र जुनाच शब्द धरून बसला. एकदा त्याने लिहून आणलं, की या वर्गात दाराजवळच्या विद्यार्थ्याकडे दुर्लक्ष रॅम्पंट आहे. वाक्य निर्दोष होतं. पूर्ण मार्क द्यावे लागले.

“मॅडम, आनंदाला चालतो का हा शब्द?” वही परत घेताना त्याने हळूच विचारलं.

“नाही. आनंद कितीही वाढला तरी चालतो.”

बोलून गेले... आणि मग फळ्याकडे तोंड करून उगाच तारीख पुसत राहिले. मला तो आवडायला लागला होता, हे मला तेव्हाच कळलं.

गल्लीला त्याच्याही आधी कळलं होतं. क्लासची खोली द्रौपदा अक्कांची. एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. दोन मुलींच्या आया येऊन विचारून गेल्या म्हणे, की मॅडमचं आणि त्या केळीवाल्याचं काय चाललंय? अक्का म्हणाल्या, उद्या मुली काढून घेतील, आणि खोली माझी, तेव्हा मलाही लोकांना तोंड द्यावं लागतं. काय ते एकदा निस्तर.

मी सहसा कुणाला घाबरत नाही. पण दोन मुलींवर सुरू केलेला हा क्लास मी घरोघर फिरून वाढवला होता. माझ्यामुळे एखादीचं शिकणं बंद पडलं असतं, तर मला ते पचलं नसतं. त्याच संध्याकाळी मी अमृतला सांगून टाकलं, की उद्यापासून येऊ नका.

त्याने वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, की रविवारी व्यापाऱ्याचा माणूस बाग बघायला येतोय आणि बोलायला तुम्ही येणार होतात. मी शब्द दिला होता. रविवारी सकाळी एसटी पकडून पहूरला गेले.

पाहुणा यायला अवकाश होता. अमृतची आई, मंजुळाबाई, बागेत केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं विळ्याने कापत होत्या. आम्ही वरणगावचे, वडील फॅक्टरीत. केळीशी माझा संबंध फक्त हातगाडीवरचा. पण नुसतं बसायचं जिवावर आलं. मी दुसरा विळा मागून घेतला आणि शेजारची अख्खी ओळ बुंध्यापर्यंत चकाचक करून टाकली. स्वतःवर खूश होते मी.

मंजुळाबाईंनी येऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्यांचं माहेर धुळ्याकडचं, बोलणं अजून तिकडचंच.

“बठ्ठा कापी टाकात का वं पोरी? एक ते ठेवनं पडस.”

मग अमृतने समजावलं, सगळी कापायची नसतात. पिलं झाडाचं खाणं खातात, म्हणून कापत राहायची. पण प्रत्येक झाडापाशी चांगलं, नीट जागेवरचं एक पील राखायचं. पुढच्या वर्षीची केळी त्याच्यावर येते. मी एका ओळीचं पुढचं वर्ष कापून बसले होते. मंजुळाबाई हसल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

पाहुणा आला, बाग फिरला. माझं इंग्रजी चांगलं चाललं. वाढ अजून रॅम्पंट आहे का, असं त्याने जाताना विचारलं आणि आम्ही तिघंही हसलो. सौदा ठरला.

निघताना अमृत मला त्या ओळीत घेऊन गेला. मी सकाळी कापलेल्या प्रत्येक पिलाच्या मधोमध हिरवी गुंडाळी एवढ्यातच वर आली होती... बोटभर.

“केळीला एकदा कापून कळत नाही,” तो पिलांकडेच बघत म्हणाला. “मीसुद्धा उद्या येणारच होतो. वर्गात नाही... दारापर्यंत.”

त्याने विळा माझ्या हातात दिला. “या झाडापाशी एक ठेवा. बाकीची काढा.”

मी वाकले. बुंध्यापासून जरा सुटं, सरळ उभं असलेलं एक निवडलं आणि बाकीची कापली. या वेळी निवड चुकली नाही.

“हे राहू द्या,” मी म्हणाले. “आणि तुम्ही क्लासला येऊ नका.”

त्याचा चेहरा पडला.

“पुढच्या रविवारी वरणगावला या. घरी. आईला घेऊन. माझ्या वडिलांना पाच वाजता चहा लागतो, त्या वेळेला या.”

विळा घेताना त्याने माझी बोटं तशीच धरून ठेवली, आणि मीही सोडवली नाहीत.

सोमवारी मी स्वतःच द्रौपदा अक्कांकडे गेले. म्हटलं, अक्का, गल्लीत बोलतात ते खरं आहे. तो मला आवडतो, आणि पुढच्या रविवारी त्याच्या घरचे आमच्याकडे येताहेत.



“मग आता लोकांनी बोलायचं काय?” अक्का म्हणाल्या. थोड्या हिरमुसल्याच होत्या. तरी त्या दोन आयांना मीच सांगते म्हणाल्या, आणि चप्पल घालून लगेच निघाल्यासुद्धा.

संध्याकाळी सगळ्या मुली आल्या. दाराजवळचा बाक रिकामा होता. दाराबाहेर, उंबऱ्याला लागून, केळीची एक फणी ठेवलेली होती.