बांधलेला पंखा

हसू नका, पोरांनो. चांदसाब मेस्त्रीच्या बाबतीत घडलेलं आहे हे, आणि तो थापा मारणारा माणूस नव्हता.

चौऱ्याहत्तर साल. कार्तिकातली अमावास्या. पेट्रोल महागलं, म्हणून सोलापूरच्या विमानतळावरचं, पिकांवर औषध फवारणारं एक छोटं विमान झाकून ठेवायचं ठरलं. विमान उडवणारे साहेब म्हणाले, "चांदसाब, इंजिन आज रात्रीच बंद करून ठेव. सकाळी शेडला कुलूप लागेल."

चांदसाबने पुढचा पंखा आडवा केला आणि दोन्ही पाती खुंट्यांना आवळून बांधली. मग प्लग काढून सिलिंडरांत गंज रोखणारं तेल फवारलं, भोकांना बुचं लावली. एकदा हे तेल मारलं की पंखा तसूभर हलवायचा नाही. हलला की तेल पुसलं जातं आणि इंजिन आतून गंजतं. लोखंडाची केवढी ती काळजी! मायाप्पाची कुणी केली नव्हती.

मायाप्पा मंद्रूपचा. हाताने पंखा फिरवून विमान चालू करून द्यायचा. आधी ओरडायचा, "स्विच ऑफ?" आतून "ऑफ" आलं की मगच पंख्याला हात. त्या वैशाखात साहेब आतून "ऑफ" म्हणाले आणि स्विच होता चालू. हात लागताच पंखा गरगरला आणि मायाप्पा जागीच गेला. चौकशीत चांदसाब म्हणाला, मायाप्पाने विचारलंच नव्हतं. चांदसाबची नोकरी टिकली. चूक नवऱ्याचीच ठरली म्हणून मायाप्पाची शिवबाई रिकाम्या हाताने गावी परतली.

बारा वाजून गेले. 'हात लावू नये' अशी पाटी स्विचला अडकवायला चांदसाब विमानात चढला, साहेबांच्या जागेवर बसला.

समोरून आवाज आला.

"स्विच ऑफ?"

कंदिलाच्या उजेडात पंख्यापाशी कुणी नव्हतं.

"चांदसाब... स्विच ऑफ?"

स्विच खरंच ऑफ होता. तरी चांदसाबने तो पुन्हा चाचपून पाहिला.

"इचारतोय की मी... ऐकू येतंय न्हवं?"

चांदसाबला रडू फुटलं. "व्हय रं, मायाप्पा. तवाबी इचारलं हुतंस. म्या ऐकलं हुतं."

मग त्याने पाटी स्विचला अडकवली आणि खाली उतरला.

सकाळी साहेब आले. "झालं सगळं?"

हीच वेळ होती. शिवबाईचं नाव चांदसाबच्या ओठांवर आलं...

"झालं, साहेब."

मेलेल्यापुढे खरं बोलता येतं रे. पगार देणाऱ्यापुढे वाचा बसते.

शेडचं दार ओढताना चांदसाबने मागे पाहिलं. खुंट्या जागच्या जागी. दोरी ताणलेली. गाठ त्याच्याच हातची.

आडवा बांधलेला पंखा मात्र उभा होता.