न्हाऊ घातलेली चांदी

"हे... हे कोणी घासलं?"

नाशिकहून आलेल्या पाहुण्यांनी राजाच्या छापाचं ते चांदीचं नाणं दोन बोटांच्या चिमटीत कडेनं धरलं, उजेडाकडे वळवलं, आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला की चहा घेऊन आलेली हौशी दारातच थांबली. ती कौतुकाची वाट बघत होती हो! पाहुणे म्हणतील, काय लखलखीत ठेवलंय तुम्ही... मग ती हसून म्हणेल, घरातली चांदी आहे, निघताना अशीच निघायची. हे सगळं तिनं मनात घोळवून ठेवलं होतं, आणि समोरचा माणूस तर एकेक नाणं उचलून, मान हलवून, पुन्हा फडक्यावर ठेवत चालला होता.

"मी फोनवर सांगितलं होतं," पाहुणे हळू आवाजात म्हणाले. ते जुन्या नाण्यांचे संग्राहक होते, नेमस्त आणि सज्जन. "पुसू नका, धुऊ नका, हातसुद्धा लावू नका. तो काळेपणा म्हणजे नाण्याचं वय असतं. फोटोत किती सुंदर दिसत होती... आता ही संग्राहकाच्या कामाची नाहीत. सराफाला द्या, वजनावर."



घासली होती तिनंच! आदल्या सकाळी, भाऊ आणि भावजय मोगऱ्याला पाणी घालायला गेलेले असताना, तिनं चिंच भिजवली, चुलीतली राख चाळून घेतली आणि मोरीच्या दगडावर बसून एकेक रुपया घासला. ही नाणी आजाची. तो जव्हार संस्थानाच्या जंगलात लाकूडतोडीवर मुकादम होता. त्यानं मजुरीचे रुपये जपले, मोठाल्या जुन्या नोटा बांबूच्या नळकांड्यात सुरळी करून घातल्या, आणि रुपये नागलीच्या कणगीच्या तळाशी, धान्याच्या देवीच्या, कणसरीच्या पायाशी ठेवले. वर दरसाल नवी नागली पडायची. आई सांगायची, कणसरीच्या पायाशी बसलेलं काही घराबाहेर काढायची वेळ आली तर त्याला न्हाऊ घालायचं, हळद लावायची, मगच उंबरा ओलांडू द्यायचा. हौशीनं दाखवायला न्यायच्या पोरीसारखी ती चांदी सजवली होती. नोटा तेवढ्या भिजतील म्हणून राहिल्या.

"कोणी केलं हे?" आता हेमंत, हौशीचा धाकटा भाऊ, विचारत होता. त्याचा आवाज चढला होता. "बोला की! कोणी केलं?"

हौशीनं तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आलासुद्धा... आणि तिथंच अडकला. त्या एका क्षणात तिला काय काय आठवलं! नवरा गेल्यावर सासरच्यांनी दाखवलेला दरवाजा, पदरात मूल नाही, हातात बोचकं, आणि या घराच्या अंगणात तिला बघून धावत आलेला आठ वर्षांचा हेमंत. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. पण वाढवलेला भाऊ आता घरचा कर्ता होता, आणि मागच्या शिमग्याला कशावरून तरी चिडून तो म्हणून गेला होता, बसल्या जागी खाणाऱ्याला काय कळणार! बोलून तो विसरला. ती मात्र तेव्हापासून एक भाकर कमी खात होती.

"मी घासली."

आवाज हौशीचा नव्हता. तिची भावजय कविता पुढे झाली होती, डोक्यावरचा पदर सावरत. "चुकलं माझं. चकचकीत दिसली तर बरं, आसं वाटलं."

"तुला वाटलं?" हेमंत तिच्याकडे वळला. "फोनवर माझ्या बाजूला कोण बसलं व्हतं? हात लावायचा नाय, आसं मला दोनदा कोण बजावत व्हतं? तूच ना? आन् तूच..."

कविता मान खाली घालून उभी राहिली. हौशीकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

आणि हौशी? हौशी गप्प बसली! चहा निवला, त्यावर साय धरली, ती तशीच उभी. आपल्या तोंडाला कुणी कुलूप घातलं हे तिचं तिलाच समजेना.

पाहुणे जाताना म्हणाले, "नोटा छान आहेत. त्या मी लिलावात लावून देतो, पण त्यांचे पैसे यायला चैत्र उजाडेल. तोवर घाई करू नका."

घाई करू नका! सांगणाऱ्याचं काय जातं? हेमंतनं पावसाळ्यात उतारावरच्या तुकड्यात मोगऱ्याची रोपं लावली होती. फूल धरलं की दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायला नको, हे नवराबायकोचं एकमेव स्वप्न. आता ओहोळ आटत चालला होता, खालच्या डोहातून पाणी वर चढवायला इंजिन हवं होतं, आणि त्यासाठीच तर कणसरीच्या पायाची चांदी उठवायची ठरली होती. ठरवताना काय कमी घोळ झाला! एकानं मोबाइलवर लाखांची भाषा करून आधी नोंदणीचे पैसे मागितले. हेमंत भरायलाच निघाला होता, कवितानं त्याचा हात धरला. जव्हारचा सराफ वजनावर घ्यायला तयार होता, तर हेमंतला ते कमीपणाचं वाटलं. मग कवितानंच चौकशा करून हे नाशिकचे पाहुणे शोधले. तीच कविता नाणी घासेल? पण राग आलेल्या माणसाला एवढं कुठलं सुचतंय!

"आता तरी सराफाला दे," हौशी चाचरत म्हणाली.

"मातीमोल? मरून जाईन, पण देणार नाय!" हेमंत गरजला, आणि तिरीमिरीत खोडाळ्याला जाऊन सुकऱ्या मुकादमाकडून भट्टीच्या मजुरीची आगाऊ उचल घेऊन आला. नवराबायको, दोघांच्या नावची. ती रोपांच्या उधारीत गेलीसुद्धा.

त्यानंतर घरात जी शांतता पसरली, ती भांडणापेक्षा वाईट होती. हेमंत बायकोशी बोलेना. पाणी हवं असलं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचा. कविता मुकाट्यानं भट्टीची बांधाबांध करत होती. तांदूळ, मिरचीची भुकटी, दोन गोधड्या. मधूनच उतारावर जाऊन रोपांच्या बुडाशी पालापाचोळा पसरून यायची, जणू आजारी लेकराला पांघरूण घालावं. पाण्यावाचून ती रोपं जगणार नव्हती. तिलाही ते ठाऊक होतं.

हौशी हे सगळं बघत होती आणि आतल्या आत जळत होती. अरेरे, काय हे पातक! आपल्या एका शब्दानं या पोरीची मान वर होईल, आणि तो शब्द आपल्याच्यानं निघत नाही? दर सकाळी ती ठरवायची, आज सांगते. हेमंत समोर आला की जीभ टाळूला चिकटायची. तो आपल्याला हाकलून देईल, असं तिला खरं तर वाटत नव्हतं. पण तो काही न बोलता नुसता बघेल, आणि त्या बघण्यात ते शिमग्याचे शब्द असतील... ते बघणं तिला सोसणार नव्हतं. भाकरी ती सगळ्यांना वाढायची आणि स्वतः चुलीपाशी काहीतरी करत राहायची. तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

ट्रकचा दिवस उजाडला. फाट्यावर आसपासच्या पाड्यांवरची माणसं बोचकी घेऊन जमली होती. सुकऱ्या मुकादम नावं पुकारत होता. हेमंत ट्रकच्या फाळक्यावर चढून सामान वर घेत होता. कविता खाली उभी होती, डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं, आणि गेल्या वर्षी तापलेल्या विटेनं भाजलेल्या तिच्या तळहातावरची कातडी अजून चकाकत होती. तो हात हौशीला दिसला.

"थांब! नको चढू!" ती ओरडली. सगळा ट्रक तिच्याकडे बघायला लागला. "हेमंता, खाली उतर. चांदी तिनं नाय घासली. मी घासली रे... मी! चिंच लावून, राख लावून, या माझ्या हातानं घासली!"

हेमंत फाळक्यावरच गोठला.

"मला ठाव नव्हतं. आई म्हणायची तसं न्हाऊ घातलं. पण ते चुकून झालं, त्याचं पाप नाय मला. पाप ते नंतरचं!" हौशीचा श्वास लागला होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "तू हिला बोलत व्हतास, आन् मी चहा घेऊन उभी व्हते. तू हिच्याशी आबोला धरलास, तरी मी उभीच! घाबरले रे. तुला वाढवलं आन् तुलाच घाबरले..."

हेमंत खाली उतरला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. आधी तो बहिणीकडे वळला. "आन् मी भट्टीला निघालो तरी तू बघत राह्यलीस, बाय?" हेच ते बघणं! हौशीनं मान खाली घातली. तिला आता कुठं पळायचं नव्हतं.

मग तो बायकोकडे वळला. "तुला ठाव व्हतं?"

"मी पाणी घालून आले तवा मोरीत राख दिसली," कविता म्हणाली. "तवाच समजलं. आन् चूक माझीच की. फोनवरचं तुमाला बजावलं, बायला सांगायचं राह्यलं. तिला कोणीच सांगितलं नाय. घरातली चांदी, आन् तिला कोणी विचारलं पण नाय."

"मंग तसं बोलायचं व्हतंस! माझं एवढं का ऐकून घेतलंस?"

कवितानं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

"तुमी मला बोललात, तर मी चार दिस रुसून साखरशेतला जाईन. माझं म्हायेर हाय तिथं, भाऊ न्यायला येईल. बायला बोलला असतात, तर ती कुठं गेली असती? तिचं म्हायेर हेच हाय. शिमग्याला तुमी बोललात, तवापासून ती एक भाकर कमी खाते. तुमाला दिसलं नाय. मला दिसलं."

हेमंत एवढा बापई गडी, पण सगळ्यांच्या देखत बहिणीच्या पायाशी बसला. "बाय, मी तसं बोललो? मी?..." त्याला खरंच आठवत नव्हतं! तेच त्याला जास्त लागलं. "तुझ्याच हातचं खाऊन मोठा झालो, आन् तुलाच घास मोजायला लावला? मला मार, बाय. लहानपणी मारायचीस तशी मार!"

हौशीनं त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि ती हुंदके देऊन रडली.

सुकऱ्यानं घसा खाकरला. "रडून घ्या, पण ट्रक थांबणार नाय. उचल घेतलीय ना दोघांनी."

हेमंतनं डोळे पुसले. "बाय, तू सांग. चांदी तुझी पण हाय. मी ठरवलं ते सगळं चुकलं. आता तू ठरव."

इतक्या वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. हौशीनं क्षणभरच विचार केला.

"चांदी सराफाला दे. वजनावर. आजच जव्हारला जा आन् सांजच्याला सुकऱ्याची उचल तोंडावर फेक. नोटा नाशिकच्या पाव्हण्याकडं जाऊ दे, चैत्रात इंजिन येईल. तोवर मोगऱ्याला पाणी डोक्यावरनं वाहू."

"वजनावर दिली तर आजाची कमाई..."

"आजानं ती ठेवली व्हती माणसं जगावी म्हणून. ती मोलाची ठरावी म्हणून हिचे हात पुन्हा भाजायचे काय?"

हेमंतनं वर चढवलेलं सामान उतरवून घेतलं. सुकऱ्या कुरकुरला, पण त्यानं खोडाळ्याला पैसे आणून द्यायला संध्याकाळची मुदत दिली, आणि बाकीच्यांना घेऊन ट्रक धूळ उडवत भिवंडीच्या वाटेला लागला. हेमंत नाणी आणायला झपझप पुढे गेला. गाठोडं उचलून दोघी बायका मागं चालू लागल्या.

हौशीला बोलायचं होतं, पण काय बोलणार? क्षमा कुठल्या तोंडानं मागायची? ही पोर बोलणी खात राहिली, आणि आपण रोज तिच्या समोरून गेलो. शेवटी ती थांबली आणि वाटेतच तिनं कविताचा तो भाजलेला हात धरला.

"तुला माझा राग नाय आला गं? मी गप ऱ्हायले म्हणून? खरं सांग."

"आला," कविता म्हणाली. "लय आला. पयल्या दिशी तर वाटलं, वरडून सांगावं सगळ्यांना." "मंग सांजच्याला बघितलं, तू ताट घेतलंच नाय. दुसऱ्या दिशी पण नाय. तुझ्यावर रागावू कशी गं, बाय? मी द्यावी ती शिक्षा तू आपली आपणच भोगत व्हतीस."

कवितानं पदरानं तिचे डोळे पुसले आणि तिला हाताला धरून चालवत घरी आणलं. चूल विझत आली होती, तिच्यात काटक्या सारून कवितानं नागलीचं पीठ मळलं आणि भाकर थापली. पहिली भाकर तिनं हौशीच्या ताटात वाढली, दुसरीही तिथंच वाढली, आणि समोर मांडी घालून बसली.

"दोन्ही खायच्या," ती म्हणाली. "मी बसलेय हितं."

हौशीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि पहिला घास कविताच्या तोंडात घातला.